गावंडे सर आणि साडेपाच तास

गावंडे सरांना चुकीचं घड्याळ दिसलं की त्यांचा हात आपोआप वर जायचा. दवाखाना असो, तहसील असो, कोणाचा साखरपुडा असो. खुर्ची ओढायची, चपला काढायच्या, वर चढायचं, काटे नीट करायचे आणि खाली उतरून हात झटकायचे. कोणाला विचारायची त्यांची पद्धत नव्हती. चुकीचं घड्याळ म्हणजे उघडा राहिलेला नळ, तो बंद करायला परवानगी कसली, असं त्यांचं साधं म्हणणं.

अकोटला आमच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. मंगल कार्यालयातलं घड्याळ दहा-बारा मिनिटं मागे होतं आणि भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्याच घड्याळावर चालले होते. नवरदेव अजून घोड्यावरच होता. सरांनी खुर्ची घेतली, चढले, काटे पुढे सरकवले. खाली मुलीच्या मामाचं लक्ष गेलं. त्याने घड्याळ बघितलं, हातातली पत्रिका बघितली.

"अहो साहेब, मुहूर्त गेला ना तुमच्या पायी."

"मुहूर्त पयलेच गेला होता," सर म्हणाले. "आता फक्त मालूम झालं."

मामाने पडदा बांधायची काठी आणली, काठीच्या टोकाने घड्याळ भिंतीवरून उतरवलं, काटे होते तिथे नेऊन ठेवले आणि परत टांगलं. लग्न मुहूर्तावर लागलं. सर पंगतीत शेवटपर्यंत त्या घड्याळाकडे पाठ करून बसले होते. वांग्याची भाजी त्यांच्या आवडीची, पण त्या दिवशी ती त्यांनी दुसऱ्यांदा घेतली नाही.

मी त्यांना ओळखायला लागले ती अकोल्याच्या एका खासगी महाविद्यालयात. आम्ही दोघंही तिथे घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. या नावाचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, परीक्षेच्या कामाचे मिळाले तर मिळाले. उन्हाळ्यात आपण नोकरीत नसतो आणि पावसाळ्यात पुन्हा नव्याने अर्ज करतो. माझं घर पत्रकांचं. वडील हमालांच्या संघटनेत होते, घरातल्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, डबा पत्रकात बांधलेला. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे या तासिका प्रकाराविषयी मी रोज तावातावाने बोलायचे. सर ऐकायचे. ते माझ्यापेक्षा खूप आधीपासून तिथे होते आणि दर पावसाळ्यात न चुकता अर्ज करत होते.

आम्ही दोघंही अमरावतीला राहायचो. सकाळची एसटी, मूर्तिजापूरला चहा, मग अकोला. सर चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी पुसून परत द्यायचे, चहावाल्याला ते कधीच पटलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा पेचकस. बोलणं अस्सल वऱ्हाडी. वर्गातही तेच. पुण्याहून आलेल्या एका निरीक्षकाने त्यांना प्रमाणभाषेत शिकवायला सुचवलं, तेव्हा सरांनी नम्रपणे विचारलं होतं की कम्प्युटरले कोणती भाषा चालते ते आधी सांगा, मंग पोरायले तीच शिकवतो.

कम्प्युटरच्या प्रयोगशाळेत एक मशीन सरांचं होतं, म्हणजे महाविद्यालयाचंच, पण सर सोडून कोणी त्याला हात लावत नसे. त्याच्यावर दोन प्रणाल्या होत्या, विंडोज आणि लिनक्स. सुरू करताना कोणती हवी ते निवडायचं. सर लिनक्सवर काम करायचे. विंडोज ठेवलं होतं ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी.

अशा मशीनवर एक रोग ठरलेला असतो. आज लिनक्स वापरलं आणि उद्या विंडोज उघडलं की कोपऱ्यातली वेळ साडेपाच तास मागे दिसते. दुरुस्त केली की काही दिवसांनी परत तेच. दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी घरच्या कम्प्युटरची ही तक्रार घेऊन यायचा आणि सर वर्ग थांबवून ती समजावून सांगायचे. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की त्यांच्या आवाजासकट माझ्या डोक्यात आहे.

शेंदूरजनाघाटला त्यांचं घर, संत्र्याची बाग. घरात एकच घड्याळ. वडील ते बरोबर ठेवायचे. काका मात्र ते अर्धा तास पुढे ठेवायचे, कारण संत्र्याचा ट्रक चुकला तर माल उन्हात पडतो. दोघं एकमेकांना सांगायचे नाहीत. सकाळी वडील काटे मागे घ्यायचे, संध्याकाळी काका पुढे. "दोघंही इमानदार," सर म्हणायचे. "बदनाम कोन झालं? घड्याळ. गावातला घड्याळवाला तीनदा येऊन तेल घालून गेला." मशीनच्या आत एक घड्याळ असतं, ते छोट्या सेलवर चालतं, मशीन बंद असतानाही. लिनक्स त्यात जगाची प्रमाण वेळ ठेवतं आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज समजतं की आत जे लिहिलं आहे तीच इथली वेळ. घड्याळ एक, वाचणारे दोन, आणि दोघांत बोलणं नाही. उपाय एवढाच की दोघांपैकी एकाला सांगायचं, बाबा, तू त्याच्यासारखं वाच. सर विंडोजला सांगायचे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या यादीत, एक नोंद टाकायची, की आतलं घड्याळ जगाच्या वेळेवर आहे. झालं.

एका पोराने आधीच तीन सेल बदलले होते. सरांनी त्याला विचारलं, फरक किती दिसतो. साडेपाच तास. रोज तेवढाच? रोज तेवढाच. "मंग बाप्पा, सेल मरताना इतका हिशोबानं मरते का? सेल गेला असता तं कुठचीही वेळ दाखवली असती, साल बी चुकलं असतं. फरक सारखा हाये म्हन्जे कोनी तरी समजून-उमजून करून राहिलं. त्याले पकड." मग पोराच्या हातातले जुने सेल घेऊन त्यांनी ते तपासले. तिन्ही चांगले होते. ते त्यांनी खडूच्या डबीत ठेवून दिले.

आता जे सांगायचं आहे ते त्या मशीनचंच आहे.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते, आतले परीक्षक गावंडे सर, पर्यवेक्षणाला मी. परीक्षेत इंटरनेट बंद असतं. प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जो प्रश्न येईल त्याचा प्रोग्राम लिहून फाइल ठेवायची. सपना नावाची अकोटची मुलगी होती. घरचा भाजीपाल्याचा मळा, वडील अकोटच्या बाजारात बसायचे. ती रोज एसटीने अकोल्याला यायची. वर्गात कमी बोलायची, पण सरांनी घड्याळाचं सांगितलं तेव्हा तिनेच विचारलं होतं की लिनक्सला का नाही सांगायचं. सर त्यावर खूश होऊन बराच वेळ बोलले होते.

तिचं मशीन सुरू होताच बंद पडलं. दुसरं रिकामं नव्हतं. सरांनी आपलं मशीन विंडोजमध्ये सुरू करून दिलं आणि तिला तिथे बसवलं. माझ्यासमोर तिने चिठ्ठी उचलली, माझ्यासमोर लिहिलं. परीक्षा संपल्यावर बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यांच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि ते गेले.

संध्याकाळी मशीनं बंद करताना सरांनी आपल्या मशीनचा कोपरा बघितला. बाहेर दिवे लागायला आले होते आणि तिथे दुपार दिसत होती. त्यांना लगेच कळलं. काही दिवसांपूर्वी त्यांनी विंडोज नव्याने टाकलं होतं आणि रजिस्ट्रीतली ती नोंद टाकायची राहिली होती. स्वतः ते लिनक्सवर असायचे, तिथे वेळ बरोबरच दिसायची, म्हणून लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नोंद टाकली, वेळ बरोबर केली, मशीन बंद केलं आणि आम्ही एसटी गाठली. गाडीत त्यांनी मला हे सांगितलंसुद्धा. आपल्याच मशीनवर हा रोग निघाला म्हणून ते स्वतःवर हसले.

काही दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. सपनाच्या फाइलवर सकाळी सहाची वेळ होती. परीक्षा अकराला सुरू झाली होती. म्हणजे चिठ्ठी उचलायच्या कितीतरी आधी तिच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणजे प्रश्न फुटला होता. तिचा निकाल राखून ठेवला आणि चौकशी समिती नेमली. निकालाशिवाय तिला अमरावतीला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळणार नव्हता आणि प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आलेली होती.

तिचे वडील महाविद्यालयात आले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. ते प्राचार्यांच्या दारात उभे राहिले, आत कोणी बोलावलं नाही, मग सर त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आले. खुर्ची दिली तरी ते बसेनात.

"सर, सहा वाजता तं ते माह्या सोबत मेथीच्या जुड्या बांधत होती," ते म्हणाले. "आमच्या घरी कम्प्युटर नाई. मी कोनाले सांगू हे?"

सरांनी त्यांना घड्याळाचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. म्हणाले, मले सांगू द्या, तुमी नका सांगू.

समिती यायच्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. मूर्तिजापूरला मी त्यांना म्हणाले होते की ती नोंद काढून टाका, घड्याळ त्या दिवशी होतं तसं करून ठेवा आणि समितीला दाखवा. खोटं काहीच नाही त्यात. होतं तेच दाखवायचं. सरांनी बशी पुसली, परत दिली.

"त्या दिवशी चुकलेलं घड्याळ वेगळं, मॅडम. आज मी चुकवून ठेवलेलं वेगळं. पाहनाऱ्याले सारखं दिसते. मले नाई दिसनार."

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. शांत, सभ्य माणूस. मी त्यांचा राग करायचं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. ते म्हणाले, मी जे डोळ्यांनी पाहतो ते लिहितो. मशीन सुरू केलं. कोपऱ्यातली वेळ बरोबर होती. त्यांनी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे.

सरांनी सगळं सांगितलं. विंडोज नव्याने टाकलं ते, नोंद राहिली ते, संध्याकाळी दुरुस्त केलं ते. मग त्यांच्यासमोर ती नोंद काढली, लिनक्स सुरू केलं, परत विंडोज सुरू केलं. वेळ साडेपाच तास मागे. मला वाटलं, झालं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे हे घड्याळ तुम्ही पाहिजे तेव्हा पुढे-मागे करू शकता."

सरांनी विंडोजमध्ये आपोआप होणाऱ्या नोंदी उघडल्या. त्या दिवशी संध्याकाळी वेळ बदलल्याची नोंद होती, आधीची वेळ आणि नंतरची, दोन्ही. अध्यक्षांनी चष्मा पुसून ती वाचली. विचारलं, ही नोंद याच मशीनमधली? सर हो म्हणाले.

"आणि ज्याला माहिती आहे त्याला ती बदलता येते?"

मी सरांकडे बघितलं. नाही म्हणायला काही हरकत नव्हती. तिथे बसलेल्या कोणालाच ते कळलं नसतं.

"येते," सर म्हणाले.

माझी साक्ष घेतली. मी पाहिलेलं सांगितलं. प्राचार्यांनी मध्येच अध्यक्षांना हळू आवाजात सांगितलं की या मॅडम तासिकेवर आहेत. त्यानंतर मला प्रश्न विचारले नाहीत. वडिलांच्या मेथीच्या जुड्यांचं मी सांगितलं ते कोणी लिहून घेतलं नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले की त्यांना अहवालात दोनपैकी एक लिहावंच लागेल. एक तर मुलीने फाइल बाहेरून आणली, किंवा परीक्षेच्या मशीनशी छेडछाड झाली. त्यांच्या आवाजात कसलाही आकस नव्हता. रकाने दोनच होते.

"छेडछाड लिहा," सर म्हणाले.

"कोणी केली?"

"मी."

अध्यक्षांनी पेन थांबवलं. म्हणाले, गावंडे, याचा अर्थ तुम्हाला समजतो ना. सर म्हणाले, समजते. मग सांगितलं की तिचं नाव त्या कागदात कुठी येऊ देऊ नका. अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहिलं. सरांनी सही केली. सही करताना त्यांनी तारखेखाली वेळही लिहिली. ती विचारली नव्हती.

मग घंटा झाली. सरांचा दुसऱ्या वर्षाचा तास होता. ते उठले आणि तासाला गेले. मी व्हरांड्यातून जाताना ते फळ्यावर काहीतरी सोडवून दाखवत होते, पोरं लिहून घेत होती. नेहमीसारखं.

त्या रात्री मी पत्रक लिहायला बसले. ते मला येतं. मथळा आला, पहिला परिच्छेद आला, तासिकेच्या गुलामीपासून चौकशीच्या फार्सपर्यंत सगळं आलं. राग मात्र आला नाही. हात लिहीत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. सकाळी एसटीत सरांना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

"चांगलं लिवलं," म्हणाले. "यातून माहं नाव काढा. पोरीचं बी काढा. नाई तं तिच्या गावात बाजाराच्या दिवशी हे कागद फिरन. उरते ते छापा."

नावं काढल्यावर उरल्या त्या घोषणा. त्या कोणालाही, कुठेही लागू पडल्या असत्या. मी छापलं नाही.

पावसाळ्यात सरांनी अर्ज केला. तो घेतला, पोच दिली, आणि मुलाखतीला बोलावलं नाही. काढून टाकलं असंही म्हणता येत नाही, कारण आम्हाला ठेवलेलंच नसतं. मी अजून तिथेच आहे. सरांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. त्याने ते मशीन पुसून एकट्या विंडोजवर केलं. सर अमरावतीची खोली सोडून शेंदूरजनाघाटला भावाच्या बागेत गेले. जाताना त्यांनी घरमालकाकडचे दोन फॅन दुरुस्त करून दिले, असं घरमालकच मला सांगत होता.

सपनाचा निकाल लागला. प्रथम श्रेणी. तो हातात आला तेव्हा अमरावतीचे प्रवेश बंद होऊन बरेच दिवस झाले होते. अहवालावर सह्या व्हायला वेळ लागला, इतकंच. कोणी मुद्दाम केलं नाही. हे मी सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं की पुढच्या साली अर्ज कधी निघतात. मी म्हणाले, परीक्षांच्या सुमाराला निघत असतील.

पुढच्या वर्षी मला परीक्षेच्या कामासाठी अकोटला जावं लागलं. परतीची एसटी लागायला वेळ होता. स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा, असले फलक लावलेली. त्यातल्या एकात काउंटरच्या आत सपना बसली होती. दुकान दुसऱ्याचं, ती कामाला. हेडफोन गळ्यात, बोटं भराभर चालत होती. मान वर न करता ती आधार नंबर विचारत होती, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारत होती. बाहेर रांग होती, उन्हात.

त्या रांगेत गावंडे सर उभे होते.

पायजमा, वर शर्ट, दाढी वाढलेली. एका हातात छत्री, उघडलेली नाही. शेंदूरजनाघाटहून अकोट म्हणजे दोन-तीन गाड्या बदलून यावं लागतं. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि ते काउंटरला टेकले. मी त्यांच्या मागे काही पावलांवर होते. ऐकू येत होतं.

"कशाचा फॉर्म?" तिने विचारलं. पडद्याकडे बघतच.

"ॲडमिशनचा. अमरावतीचा."

"नाव सांगा पोराचं."

"तुहं."

तिची बोटं थांबली. तिने मान वर केली. ओळखलं होतं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, त्यावर त्यांनी सगळी माहिती लिहून आणली होती, कोणता रकाना कसा भरायचा तेही. तो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

मागून कोणीतरी ओरडलं की आमाले बी गाडी पकडायची हाये.

"सर," सपना म्हणाली, "मांगं लोकं हायेत."

सरांनी मान हलवली. कागद तिथेच राहू दिला. ते रांगेतून बाहेर निघाले, चालत रांगेच्या टोकाला गेले आणि तिथे सगळ्यांत मागे परत उभे राहिले.

तिने पुढच्या माणसाचा आधार नंबर विचारला. माझी गाडी लागली होती, कंडक्टर घंटी देत होता. मी चढले. खिडकीतून दिसत होतं, रांग पुढे सरकत होती, सर एकेक पाऊल पुढे येत होते, आणि त्यांच्या मागे आणखी दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती.